कबर उघडायची यादी लागली आहे. मी तिथं जावं का?

आगाशीची_लेक

नमस्कार मंडळी. मी मूळची वसई तालुक्यातली, आगाशीकडची. लग्नानंतर ह्यांच्या नोकरीमुळे वास्कोला आले ती इथलीच झाले. घरात मराठी, चर्चमध्ये कोकणी, मुलीच्या शाळेत इंग्रजी असा आमचा कारभार. हे बंदरात क्रेनवर होते. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात रात्रपाळी करून आले, चहा टाक म्हणाले, आणि चहा उकळेपर्यंत गेले. वय एक्कावन्न.

पुरलं इथंच, आमच्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या, दफनभूमीत. कायमची कबर घेण्याची ऐपत नव्हती. गोव्यात साध्या कबरी तात्पुरत्या असतात हे मला ऐकून माहीत होतं. जागा कमी, त्यामुळे साधारण तीन वर्षांनी कबर उघडतात, अस्थी काढून भिंतीतल्या कप्प्यात ठेवतात नाहीतर सगळ्यांच्या सामायिक खड्ड्यात, आणि त्या जागी दुसऱ्याला पुरतात. गेल्या रविवारी मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, फळ्यावर कबरींच्या नंबरांची यादी लागली. त्यात ह्यांचा नंबर आहे. ऑफिसात विचारलं तर म्हणाले, पाऊस ओसरला की २ नोव्हेंबरच्या, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनाच्या, आत उरकायचंय, घरचं कोणी यायचं असेल तर या.

तेव्हापासून घरात चार तोंडं चार दिशांना. ननंद म्हणते, हाडं वसईला आण, आईबाबांजवळ ठेवू. दीर म्हणतात, बायकांनी असलं बघायचं नसतं, तू घरी बस. मुलगी बारावीला आहे, ती म्हणते थोडंसं काहीतरी घरी आल्तारावर ठेवूया ना, मम्मी. आणि आमच्या प्रार्थना गटातल्या एक बाई आहेत, त्यांनी तर सगळ्यांसमोर विचारलं, "अजून रडतेस? म्हणजे विश्वास कमी पडतोय. देवाच्या हातात सोडून दे आता."

सोडायचं म्हणजे मी सोडलं नाही असं नाही हो. कपडे पहिल्याच वर्षी दिले. हत्यारांची पेटी वाड्यातल्या एका आयटीआयच्या मुलाला दिली, तेव्हा हात थरथरला नाही. ह्यांची पेन्शनची कामं, बँकेचे सह्यांचे कागद, सगळं डोळ्यांत पाणी न आणता केलं. ही जागा मात्र सुटत नाही. दर रविवारी तिथं जाते, गवत उपटते, मेणबत्ती लावते आणि घरचा हिशोब सांगते. सिलिंडर कितीला झाला, मुलीला फिजिक्समध्ये किती पडले, टाकीचा बॉल कॉक पुन्हा गळतोय, प्लंबर फोन उचलत नाही. ती जागा दुसऱ्या कोणाची झाली की मी हे कुठं उभं राहून बोलू?

मी तिथं जावं का? आणि रडू येणं हे खरंच विश्वास कमी असल्याचं लक्षण आहे का? जाणत्यांनी सांगावं.

मिरजकर_वास्को

ताई, वाचून वाईट वाटलं. मी प्रॉटेस्टंट, मिरजेचा, नोकरीनिमित्त वास्कोतच असतो. आमच्याकडे मेलेल्यांसाठी मिस्सा नाही, कबरीवर मेणबत्त्या नाहीत, तेव्हा माझं बोलणं कोरडं लागेल.

तुमचे यजमान त्या मातीत नाहीत. ते प्रभूपाशी आहेत. हाडं कप्प्यात गेली काय, खड्ड्यात गेली काय, पुनरुत्थानाच्या दिवशी देवाला पत्ता विचारावा लागणार नाही. बायबलात पौल फिलिप्पैकरांना लिहितो त्याप्रमाणे मागचं विसरून पुढं धावायचं असतं. ऑफिसला फोन करून सांगा की तुम्ही तुमचं काम उरका, आणि त्या दिवशी मुलीला घेऊन कुठंतरी बाहेर जाऊन या. दर रविवारचं ते जाणंही हळूहळू कमी करा. स्पष्ट लिहिल्याबद्दल राग नसावा.

आगाशीची_लेक

राग नाही, भाऊ. पण त्या अध्यायाची सुरुवातही वाचा. पौल जे मागे टाकतो म्हणतो ते स्वतःचं मोठेपण आहे. आपला वंश, आपलं परुशीपण (कडक यहुदी पंथातलं स्थान), नियमशास्त्रातली आपली निर्दोष वागणूक, हे सगळं तो केरकचरा समजतो. नवऱ्याला विसरा असं तो कुठं म्हणतो?

सिस्टर_म्हापसा

ताई, मी नर्स आहे, मूळ सावंतवाडीची, सध्या म्हापशात. धर्माचं जाणकार सांगतील. मी फक्त तिथं प्रत्यक्ष काय होतं ते सांगते, कारण माझ्या सासूबाईंच्या वेळी मी उभी होते आणि मला आधी कोणी काहीच सांगितलं नव्हतं.

सकाळी लवकर सुरू करतात. वरची माती फावड्यानं काढतात, शेवटचा हातभर भाग मात्र खणणारा माणूस खाली उतरून हातानंच उकरतो. पेटीचं लाकूड बहुतेक कुजलेलं असतं, कड्या आणि खिळे तेवढे निघतात. हाडं सिनेमात दाखवतात तशी पांढरी नसतात. आपल्याकडच्या लाल मातीचा रंग त्यांनी घेतलेला असतो, तपकिरी, जुन्या लाकडासारखी. धसका बसतो तो हाडांनी नाही, तर जे कुजत नाही त्यानं. सासूबाईंच्या पायातले नायलॉनचे मोजे तसेच निघाले, आत पायाची बारीक हाडं. हाताला गुंडाळलेली प्लास्टिकची रोझरी अख्खी होती, एक मणी गळलेला नव्हता. त्या रोझरीपाशी मी बसले खाली. तोपर्यंत बरी होते.

आणखी एक, हे कोणी सांगत नाही. कधीकधी जागा पाणथळ असते, पावसाचं पाणी साचून राहतं आणि तीन वर्षांत सगळं पूर्ण झालेलं नसतं. तसं दिसलं की खणणारे लगेच माती परत लोटतात आणि पुढच्या वर्षी बघू म्हणतात. तसं झालं तर घाबरू नका, त्यात अशुभ वगैरे काही नाही, मातीचा गुण आहे. म्हणून तुम्ही आधी थोडं लांब उभ्या राहा. खणणाऱ्या माणसाला सांगून ठेवा की तुम्ही हाक मारा, मग मी जवळ येते. त्यांना याची सवय असते, ते समजून घेतात.

जाताना पांढरं सुती कापड न्या, पॉलिस्टर नको. त्यांच्यासाठी थर्मासमध्ये चहा न्या आणि हातात काहीतरी ठेवा, ते काम सोपं नाही. मुलीला ओढून नेऊ नका आणि अडवूही नका. दिरांच्या "बायकांनी बघायचं नसतं" याबद्दल एवढंच म्हणते की येशूच्या रिकाम्या कबरीपाशी पहाटे पहिलं कोण पोचलं होतं ते त्यांना विचारा.

कवळेची_सुलू

मी हिंदू आहे, फोंड्याजवळ कवळ्याला राहते, सहज वाचत होते. आमच्यात तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करायच्या, नदीत सोडायच्या, दहावा, बारावा, तेरावा. भटजी सांगत जातात, हात चालू राहतात, आणि तेरा दिवसांत घर पाहुण्यांनी भरून रिकामंही होतं. बाबा गेले तेव्हा मला वाटायचं, एक दगड तरी असता जिथं जाऊन बसता आलं असतं. तुमचं वाचून वाटतंय, दगड असला की त्याचंही वेगळं दुखणं असतं. सल्ला द्यायचा अधिकार नाही माझा. जाऊन या असं वाटतं.

सांगे_अंकल

बाये, मी सांग्याचा. वय सत्तरीच्या पार. मराठी लिहितो म्हणून नवल करू नको, भाऊसाहेब बांदोडकरांच्या राजवटीत आमच्या गावात मराठी प्राथमिक शाळा निघाली, तिथं पाटी गिरवली. घरी कोंकणी, प्रार्थनेचं पुस्तक रोमी लिपीत, कागदावर मनातलं लिहायचं तर मराठीच सुचते. मी आमच्या कोंफ्रारीचा माणूस. म्हणजे गावात मयत झालं की अंगावर झगा चढवून प्रेताबरोबर चालणाऱ्यांतला. पुरतानाही असतो, उकरतानाही असतो. सिस्टरनं लिहिलंय त्यातला शब्द न् शब्द खरा.

त्या प्रार्थना गटातल्या बाईंना माझा नमस्कार सांग आणि योहानाचं शुभवर्तमान, अध्याय ११, वचन ३५ काढून दाखव. लाजरसच्या कबरीपाशी येशू रडला. थोड्या वेळात लाजरस उठून बाहेर येणार हे त्याला ठाऊक होतं, तरी रडला. त्याचा विश्वास कमी पडला म्हणायचा? आणि पौलानं थेस्सलनीकाकरांना शोक करू नका असं लिहिलेलं नाही, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका असं लिहिलंय. लोक पुढचं अर्धं गाळतात आणि विधवेच्या अंगावर टाकतात. आमच्याही गावात आहेत असले. स्वतःच्या घरात मयत झालं की मग गप्प होतात.

मुलीला समजावून सांग की घरी ठेवायचं नाही. चर्चनं १९६३ साली दहनाला परवानगी दिली, पण २०१६ मध्ये रोमहून जी सूचना आली तिच्यात रक्षा घरात ठेवू नये, घरच्यांनी वाटून घेऊ नये, वाऱ्यावर किंवा पाण्यात सोडू नये असं स्वच्छ लिहिलंय. २०२३ मध्ये रक्षेचा अगदी लहान अंश जपायला सवलत दिली, तीही चर्चच्या अधिकाऱ्यांच्या परवानगीनंच. ते रक्षेबद्दल आहे, हाडांनाही न्याय तोच. घरात ठेवलेला माणूस एका घराचा होऊन बसतो, आणि ते घर विकलं, पोरं दुबईला गेली की कोणाचाच राहत नाही. दफनभूमीत असला की अख्ख्या पॅरिशची प्रार्थना त्याला पोचते. १ ते ८ नोव्हेंबरपर्यंत जो कोणी तिथं जाऊन मृतांसाठी प्रार्थना करेल, त्याची प्रार्थना तुझ्या माणसालाही लागते, तू आजारी पडून घरी असलीस तरी.

हलवल्यानं त्यांना त्रास होईल अशी भीती मनात असेल तर आमच्या गोंयच्या सायबाचं बघ. सांत फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्यापाशी सांचियान बेटावर गेला. तिथं चुना घालून पुरला. पुढच्या वर्षी उकरून मलाक्काला नेला, तिथं परत पुरला. परत उकरून १५५४ मध्ये गोव्याला आणला. १६१४ साली उजवा हात रोमला गेला. अजूनही दर दहा वर्षांनी बासिलिकेतून से कॅथेड्रलात नेतात आणतात. २०२४ च्या दर्शनाला तूही रांगेत असशील. त्याला शांती मिळाली नाही असं म्हणताना मी कोणाला ऐकलेलं नाही.

आता जमिनीचं, जे तुला खरं टोचतंय. तुझा माणूस गेला तेव्हा भर पावसात त्याला दफनभूमीत जागा मिळाली. ती रिकामी कशी होती? त्याच्याआधी तिथं कोणीतरी होता. त्याच्याही बायकोनं, पोरानं फळ्यावर नंबर वाचला असणार, घरी येऊन जेवली नसणार, आणि मग येऊन आपलं माणूस उचलून घेऊन गेली असणार. त्या घरानं जागा सोडली म्हणून तुला मिळाली. तुला त्यांचं नाव माहीत नाही, त्यांना तुझं नाही. येशूला तरी स्वतःची कबर कुठं होती? अरिमथाईच्या योसेफानं स्वतःसाठी खडकात खोदून घेतलेली नवीकोरी कबर त्याला दिली. मेलेल्याला मूठमाती देणं हे दयेच्या सात शारीरिक कृत्यांतलं एक आहे, काटेकिझमला, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गात, शिकवतात बघ. भुकेल्याला जेवण दे, उघड्याला कपडे दे, तुरुंगातल्याला भेट, ह्याला पैका लागतो, पाय लागतात. हे एक असं आहे की बाजूला सरकून करता येतं. तू ती जागा हरवत नाहीस, देतेस. बंदरात क्रेनवर काम केलेल्या माणसाची बायको आहेस, ओझं एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नीट ठेवायचं कसं ते घरात ऐकलं असशील.

आमच्याकडे भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, संगमरवरी कायमच्या कबरी आहेत. वर्षातून एकदा, ऑक्टोबर संपता संपता, गडी पाठवून धुऊन घेतात. तुझ्या नंबराच्या कबरीचं गवत दर आठवड्याला उपटलं गेलं.

तेव्हा जा. एकटी नको. स्तोत्र १३० मोठ्यानं म्हण, फादर वेळेवर आले नाहीत तरी म्हण. कप्प्याचे पैसे प्रत्येक पॅरिशचे वेगळे असतात, जड होत असतील तर फादरांच्या कानावर घाल. आणि नाहीच जमलं तर सामायिक खड्ड्यात कमीपणा मानू नको. माझे आईबाप दोघेही तिथंच आहेत, आणि मलाही तिथंच जायचंय, पोरांना सांगून ठेवलंय. वसईला न्यायचं की नाही ते तुझं तू ठरव. फक्त रविवारी चालत जाता येईल इतक्या अंतरावर असू दे.

मिरजकर_वास्को

अंकल, मृतांना प्रार्थना "लागते" याबद्दल माझा वाद कायम आहे, त्यासाठी वेगळा धागा काढू. योसेफाच्या कबरीचं मात्र मनात राहिलं.

ताई, फिलिप्पैकरांबद्दलही बोलू कधीतरी. तूर्त एवढंच, तुमची तारीख ठरली की मला निरोप करा. मी वास्कोतच आहे, स्कूटर आहे, रजा शिल्लक आहे. मेणबत्ती लावणार नाही, पण फावडं धरीन.

आगाशीची_लेक

सगळ्यांचे आभार. अंकल, तुमचं मी मुलीला वाचून दाखवलं. क्रेनच्या ओळीला ती हसली आणि मग उठून आत गेली. तिनं अजून ठरवलेलं नाही. मी विचारणार नाही.

ननंदेला फोन केला. वसईला नाही, इथंच कप्पा घेते म्हटलं. तिनं फोन ठेवून दिला. तिचा भाऊ आहे, तिचाही हक्क आहे हे मला कळतं, पण तिकडे मी वर्षातून एकदा जाणार, आणि ती मेणबत्ती लावेल पण बॉल कॉकबद्दल त्यांच्याशी बोलणार आहे का? नोव्हेंबरात ती येईल तेव्हा कप्प्यापुढं आधी तिला उभं करीन. दिरांना सिस्टरचा प्रश्न विचारला. ते म्हणाले, बघतो रजेचं.

काल ऑफिसात कप्प्याचे अर्धे पैसे भरले. उरलेले नाताळपर्यंत द्या म्हणाले. तिथं बसले होते तेव्हा एक गोष्ट सुचली ती बोलून टाकली. म्हटलं, त्या नंबरात पुढं ज्यांना पुराल त्यांच्या मयताचं मला कळवा, मी येईन. क्लार्क चष्म्यावरून बघत राहिला. ओळखीचे आहेत काय, विचारलं. कोण असतील मला काय माहीत, अजून मेलेलेही नाहीत, म्हटलं. मग त्यानं रजिस्टरमध्ये पेन्सिलीनं माझा फोन नंबर लिहून ठेवला. प्रार्थना गटातल्या बाईंना योहान ११ दाखवलेला नाही. त्यांच्या सुनेचं सहाव्या महिन्यातलं बाळ गेलं हे मला कालच कळलं. डबा घेऊन जाणार आहे.

मिरजकर भाऊ, निरोप करीन. फावडं खणणाऱ्यांकडे असतं, पण चहाचा थर्मास धरायला माणूस हवाच आहे.

आता एक व्यवहाराचं. कप्प्याला दगडी पाटी लावायची असते, साधारण फूट बाय फूट. इथले पाटीवाले रोमी अक्षरांत नाव कोरून देतात. ह्यांनी जन्मभर सही मराठीत केली, त्यामुळे मला देवनागरीत हवीय. नाव, दोन तारखा आणि छोटासा क्रूस. वास्को किंवा मडगावच्या बाजूला कोणी देवनागरी कोरणारा माहीत आहे का?

कवळेची_सुलू

इकडे फोंड्याला या. आमच्या देवळांत देणगीदारांच्या पाट्या भिंतीभर आहेत, त्या कोरणारे सगळे ह्याच बाजूला बसतात आणि देवनागरीवर त्यांचा हात बसलेला असतो. क्रूस काढून देतील, त्यांना काही वाटत नाही. ग्रॅनाइट घ्या, संगमरवर आपल्या पावसात दोन वर्षांत काळवंडतो. फक्त नाव कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या आणि कोरण्याआधी पेन्सिलीनं काढलेलं स्वतः बघून घ्या. आमच्या वडिलांच्या पाटीवर त्यांनी "स्मृत्यर्थ" चं "स्मुर्त्यर्थ" केलंय, ते अजून तसंच आहे. तारखा मराठी आकड्यांत हव्या की इंग्रजी तेही आधीच सांगा, नाहीतर अर्धं असं अर्धं तसं करून ठेवतात.